पौलाच्या मागावर, ठरल्या वेळी

अमेरिकेच्या मधल्या पट्ट्यात, मक्याच्या शेतांच्या पसाऱ्यात, छोटी छोटी ख्रिस्ती कॉलेजं आहेत. अशा कॉलेजात एक तरी प्राध्यापक असा असतोच, की बाकी सगळे बर्फ उपसत असताना याला जानेवारीत पालवी फुटते. आमच्याकडे ते म्हणजे डॉक. शिकवतात नवा करार. पण कॅम्पसवर त्यांना ओळखतात ते जॅकेटवरून. खाकी, बिनबाह्यांचं, अंगभर खिसेच खिसे. डाव्या वरच्या खिशात सगळ्यांच्या पासपोर्टच्या झेरॉक्स, त्याखाली जुलाबाच्या गोळ्या, उजवीकडे शिट्टी, पोटापाशी शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलीचं इंजेक्शन, आणि आतल्या, हृदयाजवळच्या खिशात वेळापत्रक. त्यांचं खरं नाव सांगण्यात अर्थ नाही. या जातीच्या प्रत्येक प्राध्यापकाला पोरं डॉकच म्हणतात.

अशा बऱ्याच कॉलेजांत १९६०च्या दशकापासून चार-एक-चार अशी पद्धत चालत आली आहे. हिवाळ्याआधीच्या सत्रात चार विषय, नंतरच्या सत्रात चार, आणि मधला अख्खा जानेवारी एकाच विषयाला वाहिलेला. त्या महिन्यात कुणी मातीची भांडी करायला शिकवतं, कुणी बुद्धिबळ, आणि डॉक एकोणीस पोरांना घेऊन प्रेषित पौलाच्या मागे ग्रीसला जातात. तीन आठवडे, तीन क्रेडिट. अमेरिकेतून परदेशी शिकायला जाणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त विद्यार्थी आठ आठवडे किंवा त्याहून कमीच काळ जातात. त्यामुळे तीन आठवड्यांत पौल उरकायला डॉकना काही वावगं वाटत नाही. इंडियानातल्या गोशेन कॉलेजच्या मेनोनाइट मंडळींचा विषय निघाला की मात्र ते जरा गप्प होतात. तिथे १९६८पासून विद्यार्थ्यांना परदेशात सत्रभर कुटुंबांत राहायला पाठवतात. पोरं तिथली भाषा शिकतात, तिथलं काम करतात. "चांगलंच आहे ते," डॉक म्हणतात, "पण बाथरूमचं नियोजन कोण करतं?"

मी त्याच कॉलेजात ग्रंथपाल. मूळची नगरची. नगरच्या ख्रिस्ती घरातल्या पोरीला पौल नवा नसतो. संडे स्कूलमध्ये त्याच्या धर्मप्रचाराच्या तीन फेऱ्यांचा नकाशा खडूंनी रंगवण्यात आमची अर्धी बालपणं गेली. पण डॉकशी माझा संबंध पौलामुळे आला नाही, लॅमिनेशनच्या यंत्रामुळे आला. ते यंत्र ग्रंथालयात आहे. नोव्हेंबर लागला की डॉक गठ्ठे घेऊन हजर. वेळापत्रक, नकाशे, उपासनेतली गीतं, दूतावासाचे फोन, 'मी हरवलो आहे' असं ग्रीक भाषेत लिहिलेली कार्डं, सगळ्यांवर प्लॅस्टिक चढवायचं. एकदा माझा रजेचा अर्ज चुकून त्या गठ्ठ्यात गेला आणि दोन्ही बाजूंनी चकचकीत होऊन बाहेर आला. त्यावर सही उमटेना. डॉक म्हणाले, "पण बघा, पावसात भिजणार नाही."

कॉलेजच्या नियमाप्रमाणे अशा दौऱ्यावर दोन मोठी माणसं लागतात आणि त्यांत एक बाई हवी. पूर्वी डॉकच्या पत्नी जात. एका वर्षी त्यांनी जाहीर केलं, "मी पौलाच्या मागे पुरेशी चालले. आता तोच आयोवात आला तर भेटेन." मग डॉकची नजर माझ्यावर पडली. का, ते उघड आहे. मला यंत्र चालवता येत होतं.

दौऱ्याआधी बैठका होतात. पहिल्या बैठकीला पालक येतात. शेतकरी माणसं, घडीचे कपडे, गंभीर चेहरे. पाणी पिण्यासारखं आहे का, पोरगं रोज फोन करेल ना, तिथे मटण सोडून काही मिळतं का, असे प्रश्न. डॉक प्रत्येक प्रश्नाला पान क्रमांक सांगतात. आणि मग, दिवे मंद करून, 'प्रेषितांची कृत्ये' काढतात. पौलाला जायचं होतं बिथुनियात. वाट अडली. त्रोवसला रात्री स्वप्नात मासेदोनियाचा एक माणूस उभा राहिला आणि म्हणाला, इकडे या. स्वारी वळली ती थेट समुद्रापार. पौल ग्रीसला पोचला तो ठरलेला बेत फिसकटल्यामुळे! हे डॉक इतकं रंगवून सांगतात की पुढच्या रांगेतल्या आया डोळे पुसतात. डॉकचेही भरून येतात. चष्मा पुसून ते त्याच दमात म्हणतात, "आता पान चार. सहा जानेवारी. सकाळी ८.४० ते ८.५५, बाथरूम."

मला हे फार आवडतं. या माणसाला पौल अक्षरशः पाठ आहे आणि त्यातलं एक अक्षर त्याने स्वतःला लावून घेतलेलं नाही.

पोरांची निवड हा आणखी एक अध्याय. पौलाच्या पहिल्या फेरीत मार्क म्हटलेला योहान अर्ध्या वाटेवरून घरी परत गेला होता. दुसऱ्या फेरीला बर्णबा म्हणाला, याला पुन्हा नेऊ; पौल म्हणाला, मुळीच नाही; आणि दोघे जुने सोबती भांडून वेगवेगळ्या दिशांना गेले. डॉक अर्ज वाचताना तोंडाने पौल असतात. "हा मुलगा? वर्गात येत नाही. जर्नल लिहिणार नाही. पर्गाहून परत जाणारा आहे हा." दुसऱ्या दिवशी यादी लागते, तर तो मुलगा यादीत. दरवर्षी एक असा मार्क असतोच. मी गेले त्या वर्षीचा मार्क चौदा नंबरचा होता. आयोवाच्या पलीकडे कधी न गेलेला, कॉलेजच्या पोहण्याच्या संघातला, दोन विषयांत गटांगळ्या खाणारा. पौलात त्याला रस नव्हता, तीन क्रेडिट हवे होते.

नंबर कशासाठी, तर मोजदादीसाठी. बसमध्ये चढताना, उतरताना, चर्चच्या दारात, हॉटेलच्या पायऱ्यांवर डॉक शिट्टी मारतात आणि पोरांनी आपापला आकडा ओरडायचा, तोही पहिल्या शतकातल्या ग्रीकमध्ये. थेस्सलनीकाच्या, म्हणजे आताच्या थेसालोनिकीच्या, विमानतळावर ही हजेरी सुरू झाली तेव्हा सफाई करणाऱ्या दोन बाया झाडू टेकवून उभ्या राहिल्या. तेरापर्यंत सुरळीत चालायचं. चौदावर शांतता. चौदा नंबर कुठे तरी फ्रॅपे पीत असायचा. नेसकॅफे घुसळून केलेली ही थंड कॉफी थेसालोनिकीतच १९५७ साली जन्मली म्हणतात. त्या एका ऐतिहासिक माहितीत पोराला पहिल्या दिवसापासून खरा रस होता.

डॉकचं ग्रीक हा तर स्वतंत्र प्रकार. ते पौलाच्या काळचं ग्रीक अस्खलित वाचतात आणि तेच हॉटेलातही बोलतात. कुणी ज्ञानेश्वरीतल्या मराठीत कोल्हापूरला मिसळ मागवावी, तसं. वेटर आदराने ऐकून घेतो, किंचित वाकतो आणि इंग्रजीत विचारतो, "चिकन की पोर्क?"

आता गाइडबाईंबद्दल. ग्रीसमध्ये प्राचीन स्थळी माहिती सांगायची ती परवाना असलेल्या गाइडने. बाहेरून आलेल्या प्राध्यापकाने उठून व्याख्यान द्यायचं नाही. जन्मभर ज्यांनी पौल शिकवला त्या डॉकना पौलाच्या गावात तोंड मिटून उभं राहायचं, ही सरकारी शिक्षा होती. आमच्या गाइडबाई थेसालोनिकीच्या, पुरातत्त्व शिकलेल्या, काळा कोट, तलम आवाज, उतरताक्षणी सिगारेट. डॉकनी तोडगा काढला होता: बसमध्ये बोलायचं. बस ही काही प्राचीन नव्हे. त्यामुळे माइक हातात आला की ते सुटत. एग्नातिया महामार्गावर, रोमन लोकांच्या जुन्या राजरस्त्याला धरून २००९ साली पूर्ण झालेल्या त्या ६७० किलोमीटरच्या रस्त्यावर, डॉकनी युतुखाची गोष्ट सांगितली. पौल त्रोवसला मध्यरात्र उलटली तरी बोलतच राहिला आणि खिडकीत बसलेल्या युतुख नावाच्या तरुणाला झोप लागून तो तिसऱ्या मजल्यावरून खाली कोसळला; नशिबाने जगला. डॉकनी गोष्ट संपवून विचारलं, "यातून आपल्याला काय दिसतं?" मी मागे वळून पाहिलं. एकोणीसच्या एकोणीस माना कलंडलेल्या होत्या. बसच्या खिडक्या उघडत नाहीत, हे एक बरं.

फिलिप्पै डॉकचं सर्वांत लाडकं. तिथे रस्त्याच्या वर एक दगडी खोली दाखवतात, पौल आणि त्याचा सोबती सीला यांची कोठडी म्हणून. दोघे मध्यरात्री बेड्यांत गीतं गात होते आणि भूकंप होऊन दारं उघडली, ती जागा. डॉकनी गीताची लॅमिनेटेड कार्डं वाटली. गाण्याला बंदी नाही, असा त्यांचा कायदेशीर अभ्यास होता. सगळे श्वास भरून उभे राहिले आणि गाइडबाई शांतपणे म्हणाल्या, "ही खरं तर रोमन काळातली पाण्याची टाकी आहे."

डॉकच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते मी पाहिलं. त्यांना हे माहीत होतं. दर वर्षी शिकवतात ते. पण इथे, कार्ड हातात असताना, कुणी उच्चारू नये एवढीच त्यांची अपेक्षा होती. मग चौदा नंबर मागून म्हणाला, "डॉक, टाकीत आवाज चांगला घुमतो." आणि पोरं गायली. चार सुरांत, सुरेख. अमेरिकी चर्चमधली पोरं वर्गात काहीही असोत, गातात मात्र जीव ओतून. गाइडबाई सिगारेट न पेटवता ऐकत राहिल्या. शेवटी डॉकना म्हणाल्या, "ठीक आहे. आज ती कोठडी होती." त्या दिवसापासून दोघांचं युद्ध थांबलं.

जवळच्या ओढ्यावर लुदियाचा बाप्तिस्मा झाला असं मानतात. जांभळी वस्त्रं विकणारी थुवतीराची बाई, युरोपातली पहिली ख्रिस्ती. तिथे मला केडगाव आठवलं, आणि मी डॉकना पंडिता रमाबाईंबद्दल सांगितलं. १८८६ साली त्या अमेरिकेला गेल्या, बॉस्टनच्या लोकांनी त्यांच्या कामासाठी संस्था काढली, परत येऊन त्यांनी १८८९ साली मराठीत अमेरिकेवर पुस्तक लिहिलं. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये राहून हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. डॉक चालायचे थांबले. एकटीने? हिब्रूसुद्धा? ते बराच वेळ पाण्याकडे बघत होते. मला वाटलं, हलले आहेत. हललेच होते. पण या जातीचा माणूस हलला की त्याचा दौरा होतो. "केडगावला बस जाते?" त्यांनी वही काढली. "पुण्याहून किती वेळ? मधे बाथरूम?"

संध्याकाळी कवालाच्या बंदराजवळ जेवण. आमच्या कॉलेजच्या करारावर विद्यार्थी, शिक्षक, ग्रंथपाल सगळ्यांनीच सही केलेली असते: दारू नाही. अमेरिकेत तसंही एकवीसच्या आत मनाई. ग्रीसमध्ये अठराला मोकळीक. त्यामुळे डॉकची खरी गाठ ग्रीक कायद्याशी असते. खाणावळीचे म्हातारे मालक गिऱ्हाइकांवर खूश होऊन सगळ्यांसाठी त्सिपुरो या तिथल्या दारूचे छोटे ग्लास घेऊन आले. पैसे नकोत म्हणाले. डॉक उभे राहिले आणि करिंथकरांस पत्रातलं, दुबळ्या भावाला ठेच लागू नये म्हणून मूर्तीला वाहिलेलं मांस आपणही खाऊ नये, हे सगळं प्रकरण त्यांनी मालकांना त्यांच्याच भाषेत समजावलं, फक्त दोन हजार वर्षांपूर्वीच्या. मालकांनी ट्रे खाली ठेवला. एवढी तरुण मंडळी आणि लिंबू सरबत मागतात, तेव्हा ते माझ्याजवळ येऊन हलकेच विचारते झाले, "तुमच्यात कुणी गेलंय का?"

पौलानेच आपल्या शिष्याला, तीमथ्याला, पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायचा सल्ला दिला होता, याची आठवण एका मुलीने करून दिली. "तो औषधोपचार होता," डॉक म्हणाले. ते वाक्य सगळ्यांच्या लक्षात राहिलं. चौदा नंबरच्या तर फारच.

दुसऱ्या दिवशी सहा जानेवारी. पौल बोटीतून उतरला ते नियापुलीस म्हणजेच हे कवाला. तिथे सेंट निकोलसच्या चर्चशेजारी पौलाच्या आगमनाचं मोझेक आहे. चर्च पूर्वी मशीद होतं. आमचा बेत: ८.५५ला मोझेक, ९.२०ला बस, थेट थेसालोनिकी. पण बंदराचा रस्ता बंद. ग्रीकांचा त्या दिवशी थिओफानियाचा सण. बँड, खलाशांची रांग, सोनेरी झग्यातले पाद्री, मागे सारा गाव. बसवाल्याने इंजिन बंद केलं, हात वर केले आणि टोपी डोळ्यांवर ओढली. डॉकनी वेळापत्रक काढलं, त्याकडे पाहिलं, पुन्हा रस्त्याकडे पाहिलं. वेळापत्रकात काहीच चूक नव्हती.

मुख्य पाद्री धक्क्याच्या कडेला आले. खाली पाण्यात उड्या मारायला पोरं उघडीबंब उभी. पाद्री क्रूस समुद्रात टाकतात, पोरं झेप घेतात, ज्याच्या हाती क्रूस लागेल त्याचं वर्ष चांगलं जातं. हे मी शेजारच्या एका आजींकडून खाणाखुणांनी समजून घेत होते, तेवढ्यात मला चौदा नंबरचे बूट दिसले. फक्त बूट. शेजारी घडी न केलेला स्वेटर.

"डॉक," तो धक्क्यावरून ओरडला, "चालेल ना?"

डॉकचा हात जॅकेटच्या एका खिशात गेला, मग दुसऱ्यात. त्यांना जबाबदारीचा फॉर्म हवा होता. कलम अकरा, पाण्यातले उपक्रम. "थांब," ते म्हणाले, "आधी इथे सही..." क्रूस हवेत गेला. पोरगं फॉर्मच्या दिशेने बघतही नव्हतं.

आयोवाला समुद्र नाही, पण पोहण्याचे तलाव उत्तम आहेत. चौदा नंबर सगळ्यांच्या पुढे निघाला, आणि क्रूसाच्या हातभर अलीकडे थांबला. का थांबला, हे त्याने नंतर जर्नलमध्ये लिहिलं: त्यांचा आहे, त्यांनाच मिळू दे. एका स्थानिक पोराने क्रूस उचलला, बोटींचे भोंगे वाजले आणि दोघे गळ्यात गळे घालून वर आले. चौदा नंबरचे दात वाजत होते. आजींनी स्वतःची शाल त्याच्यावर टाकली. कुठून तरी कालचे खाणावळीचे मालक उगवले. त्यांनी काही न विचारता त्याच्या हातात ग्लास दिला. त्सिपुरो.

अठरा पोरं डॉककडे बघू लागली. मीही.

डॉकनी शिट्टी मारली. "सगळ्यांनी मागे वळा!" ते गरजले. "ते समोर दिसतंय ते थासोस बेट. सामथ्राकेहून येताना पौलाचं गलबत त्या बाजूने आलं असणार. नीट बघा. मी सांगेपर्यंत बघत राहा." आणि स्वतः सगळ्यांत आधी वळले. एक ग्लास सावकाश रिकामा व्हायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ कॉलेजने थासोस पाहिलं. मग डॉक म्हणाले, "मोजा." चौदाचा आकडा बंदरभर ऐकू गेला, खणखणीत, पहिल्या शतकातल्या ग्रीकमध्ये.

बसमध्ये मी त्यांच्याशेजारी बसले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "औषधोपचार होता."

पुढचं बिरुया, अथेन्स वगैरे यथासांग झालं. अथेन्समध्ये एका मुलीला रात्रभर उलट्या झाल्या. तिच्या खोलीत मी होते. खोलीबाहेर कॉरिडॉरच्या फरशीवर डॉक, भिंतीला टेकून, पोरांची जर्नल तपासत. दर तासाला दार वाजे आणि साखरमिठाच्या पाण्याची बाटली आत येई. प्रत्येक पुडी वेगळ्या खिशातून. सकाळी सातला ते तिथेच होते, दाढी केलेली, टाय लावलेला. कधी केली, देव जाणे. करिंथला ते भलतेच खुलले. तिथला, पौलाला ज्याच्यापुढे उभं केलं त्या गल्लियोच्या न्यायासनाचा चौथरा म्हणजे डॉकचं मर्मस्थान. डेल्फीला सापडलेल्या शिलालेखामुळे गल्लियो इ.स. ५१-५२च्या सुमाराला तिथे अधिकारी होता हे कळतं, आणि पौलाच्या आयुष्याला निदान एका ठिकाणी पक्की तारीख मिळते. डॉकनी त्या दगडापुढे टोपी काढली. पौलासाठी नव्हे, असा माझा अंदाज आहे. तारखेसाठी.

परतल्यावर अभिप्राय मागवले जातात. 'या दौऱ्यात तुम्ही सर्वाधिक कोणत्या उपक्रमातून शिकलात?' याला पोरांनी टाकी, आजींची शाल, थासोस अशी उत्तरं लिहिली होती. गल्लियोला एक मत पडलं होतं, ते बहुधा डॉकचं स्वतःचं. ते फॉर्म घेऊन डॉक ग्रंथालयात आले आणि खुर्चीवर बसून पुन्हा पुन्हा वाचत राहिले. "यातलं काहीच मी ठरवलेलं नव्हतं," ते म्हणाले. मला वाटलं, आता पौल उमगला. आता ते पुढच्या वर्षी मोकळे सोडतील स्वतःला.

आठवड्याने ते नवं वेळापत्रक घेऊन यंत्रापाशी आले. मी वाचलं. सहा जानेवारी, सकाळी ९.२० ते ९.४०: अनपेक्षित अनुभव. कंसात: प्रत्येकाने स्वतःचा टॉवेल आणावा.